हान्स हेरमान : नशीब म्हणायचं की हात?

प्रश्न असा आहे : "जर्मनीच्या हान्स हेरमानने फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत जिंकली नाही. तरी शर्यतीतले जुने लोक त्याचं नाव एवढ्या आदरानं का घेतात? त्याला 'नशीबवान हान्स' म्हणायचे, म्हणजे सगळा नशिबाचाच खेळ होता का? मी कार्टिंग करतो. त्याच्याकडून शिकण्यासारखं काही आहे का?"

मी वीसेक वर्षं रॅलीत गाडी चालवली. आता नव्या मुलांना शिकवतो आणि शर्यतीआधी गाड्या तपासायच्या टेबलावरही बसतो. हेरमानचा विषय माझ्या शिकवण्यात दर वर्षी निघतो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी तुमचा फॉर्म्युला वनचा मुद्दा. तिथे त्याच्या नावावर १० गुण आहेत आणि ते कुठून आले हे बोटांवर मोजता येतं. १९५४ मध्ये रीम्सला सर्वांत वेगवान फेरी, तिचा १. त्याच वर्षी बर्नजवळच्या ब्रेमगार्टनला तिसरा, त्याचे ४. मोंझाला चौथा, त्याचे ३. जानेवारी १९५५ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या भयंकर उन्हात एकच मर्सिडीज तिघांनी आलटून पालटून चालवली : हेरमान, कार्ल क्लिंग आणि स्टर्लिंग मॉस. चौथ्या जागेचे ३ गुण तिघांत वाटले गेले, याच्या वाट्याला १. आणि १९६० मध्ये मोंझाला दुसऱ्या श्रेणीची छोटी पोर्शे घेऊन सहावा, त्याचा १. एवढंच.

पण त्याच माणसाच्या खात्यात दुसरीकडे काय आहे ते बघा. इटलीच्या मिले मिलियात दोनदा आपल्या गटात पहिला. मेक्सिकोच्या कारेरा पानअमेरिकानात एकंदरीत तिसरा. सिसिलीची टार्गा फ्लोरिओ जिंकली. अमेरिकेतली सेब्रिंगची १२ तासांची शर्यत दोनदा जिंकली, आठ वर्षांच्या अंतरानं. डेटोनाची २४ तासांची. आणि शेवटी फ्रान्समधली ल माँची २४ तासांची. हे सगळे रस्ते असे आहेत की जिथे एक फेरी वेगात मारून भागत नाही. गाडी शेवटपर्यंत जिवंत ठेवावी लागते. हेरमानचं मोठेपण तिथे आहे, आणि माझ्या मते त्याला नुसतं नशीबवान म्हणून सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याचा जन्म १९२८ चा, स्टुटगार्टचा. शिकला पेस्ट्री आणि केक बनवायचं काम, कारण आईचा कॅफे होता आणि मुलानं तो पुढे चालवावा अशी अपेक्षा. युद्ध संपलं तेव्हा हा सतरा वर्षांचा. युद्धानंतरची काही वर्षं जर्मन चालकांना बाहेरच्या शर्यतींची दारं बंदच होती. ती उघडली तेव्हा युद्धाआधीचे नावाजलेले चालक पन्नाशीला टेकले होते आणि नवे तयार झालेलेच नव्हते. १९५४ मध्ये मर्सिडीजनं फॉर्म्युला वनसाठी घेतलेला कार्ल क्लिंग तेव्हा ४३ वर्षांचा होता. या मधल्या पोकळीत हेरमान आला. पोर्शे ३५६ घेऊन १९५२ मध्ये सुरुवात केली आणि १९५३ संपेपर्यंत जर्मनीतल्या १५०० सीसी गटाचा विजेता होता. मर्सिडीज आणि पोर्शे या दोन्ही कंपन्या त्याच्याच शहरातल्या. दोघांचंही लक्ष गेलं.

मर्सिडीजचा संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअर. युद्धाआधीपासूनचा, अवाढव्य देहाचा, स्टॉपवॉच गळ्यात घालून फिरणारा हा माणूस चालकाला डोळ्यांनी तोलायचा. त्यानं हेरमानला अर्जेंटिनाचा विश्वविजेता फान्जिओ आणि क्लिंगच्या जोडीला तिसरी गाडी दिली. ४ जुलै १९५४ ला रीम्सला ही गाडी, डब्ल्यू १९६, पहिल्यांदा उतरली. त्याच दिवशी बर्नला फुटबॉलच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती आणि पश्चिम जर्मनीनं हंगेरीला ३-२ हरवलं. एका रविवारी दोन ठिकाणी देशाची मान वर झाली. रीम्सला फान्जिओ पहिला, क्लिंग दुसरा. सव्वीस वर्षांच्या हेरमाननं ताशी १९५ किलोमीटरच्या सरासरीची दिवसातली सर्वांत वेगवान फेरी मारली आणि सोळाव्या फेरीला त्याचं इंजिन गेलं. फॉर्म्युला वनमधल्या त्याच्या नशिबाचा नमुना पहिल्याच दिवशी दिसला म्हणायचा.

आता दोन महिने मागे जाऊ, कारण त्याची सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट मे १९५४ ची आहे. मिले मिलिया, म्हणजे ब्रेशियाहून निघून रोमला वळसा घालून पुन्हा ब्रेशियाला. सुमारे १६०० किलोमीटर, साध्या वाहत्या रस्त्यांवरून. गाडी पोर्शे ५५० स्पायडर, शेजारी पोर्शेचाच मेकॅनिक आणि चालक हर्बर्ट लिंगे. एका वळणातून बाहेर पडतात तर समोर रेल्वेचं फाटक पडलेलं आणि रोमची एक्स्प्रेस येतेय. हेरमाननं लिंगेच्या हेल्मेटवर हात मारून त्याचं डोकं खाली दाबलं, स्वतः वाकला आणि गाडी फाटकाच्या दांड्याखालून पलीकडे काढली. मागे आगगाडी गेली. दोघं पुढे गटात पहिले आणि एकूण क्रमवारीत सहावे आले.

हे सांगितलं की ऐकणारे म्हणतात, वेडा होता, वाचला. मला ते पटत नाही. त्या क्षणी त्याच्यासमोर काय होतं याचा विचार करा. ब्रेक मारला असता तर त्या काळच्या ड्रम ब्रेकवर आणि बारीक टायरांवर गाडी फाटकाआधी थांबली नसती. ती थांबली असती रुळांवर. म्हणजे सर्वांत सावध दिसणारा उपाय सर्वांत घातक होता. ५५० ची उंची माणसाच्या कमरेएवढी, वर छप्पर नाही, समोरची काच बुटकी. गाडी दांड्याखालून जाईल हे त्याला अंदाजानं ठाऊक होतं, कारण आपली गाडी किती उंच, किती रुंद, कुठे संपते हे चांगल्या चालकाच्या अंगात भिनलेलं असतं. राहिला प्रश्न डोक्यांचा, तो त्यानं हातानं सोडवला. अर्ध्या सेकंदात घेतलेला हा निर्णय होता आणि तो बरोबर होता. एक्स्प्रेस दोन सेकंद आधी आली असती तर? तर गेलेच होते, हेही खरं. तेवढा वाटा नशिबाचा मी मान्य करतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कारेरा पानअमेरिकाना. मेक्सिकोच्या दक्षिण टोकाकडून उत्तरेला अमेरिकेच्या सीमेपर्यंत पाच दिवसांत ३,००० किलोमीटरहून जास्त, मधे ३,००० मीटरच्या आसपासचे घाट. जिंकली उंबेर्तो माल्योलीच्या ४.९ लिटरच्या फेरारीनं, दुसरा फिल हिल, तोही फेरारीत. तिसरा हेरमान, दीड लिटरच्या ५५० मध्ये. उंचीवर हवा विरळ होते तसं इंजिनाचा दम कमी होतो, कार्ब्युरेटरचं गणित रोज बदलतं. अशा रस्त्यावर गाडी शेवटपर्यंत धड राहणं हेच मोठं काम. पोर्शेच्या गाड्यांना पुढे 'कारेरा' हे नाव मिळालं ते याच शर्यतीवरून. आज रस्त्यावर पोर्शेच्या मागे ते नाव दिसलं की मला हेरमान आठवतो.

१९५५ नं मात्र त्याला झोडपलं. मे महिन्यात मोनॅकोला सरावात त्याची मर्सिडीज दगडी कठड्यावर आदळली. हाडं मोडली आणि मोसमच संपला. तीन आठवड्यांनी ल माँला मर्सिडीजचा पिएर लव्हेग प्रेक्षकांत घुसला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. वर्षअखेर मर्सिडीजनं शर्यतींतून अंग काढून घेतलं. हेरमान बरा होऊन आला तेव्हा त्याची जागाच उरलेली नव्हती. चांगल्या गाडीत बसून फॉर्म्युला वन चालवायचा त्याचा काळ धरला तर तो जुलै १९५४ ते मे १९५५ इतकाच, वर्षसुद्धा पुरं नाही. एकही शर्यत का जिंकली नाही या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर इथेच आहे. आणि त्या दहा महिन्यांतही शेजारच्या गाडीत फान्जिओ होता. त्या काळात फान्जिओच्या पुढे जायचं म्हणजे चेष्टा नव्हती.

नंतरची वर्षं मिळेल त्या गाडीत गेली, कधी मासेराटी, कधी आणखी काही. आणि मग ऑगस्ट १९५९, बर्लिनचं आव्हुस.

हे सर्किट म्हणजे मोटाररस्त्याच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन पट्ट्या, प्रत्येकी चार किलोमीटर सरळ. उत्तर टोकाला विटांची उभी चढती भिंत असावी असं वळण, ४३ अंशांचं. दक्षिण टोकाला साधं, हळू, उलटं फिरवणारं वळण. म्हणजे मिनिटभर पूर्ण वेगात जायचं आणि मग एका ठिकाणी ब्रेकवर उभं राहायचं. ब्रेक सरळावर गार पडतात, टोकाला एकदम तापतात, पुन्हा गार. कोणत्याही ब्रेकसाठी याहून वाईट शिक्षा नाही. आदल्याच दिवशी पावसात उत्तरेच्या भिंतीवरून झाँ बेहराची पोर्शे बाहेर फेकली गेली होती. तोही गाडीतून उडाला आणि जागीच गेला.

हेरमानला एका ब्रिटिश संघानं फिकट हिरवी बीआरएम दिली होती, त्याआधी मॉस चालवत होता तीच. या गाडीत मागच्या दोन्ही चाकांना मिळून गिअरबॉक्सवर बसवलेली एकच ब्रेक डिस्क होती. दुसऱ्या टप्प्यात दक्षिणेच्या वळणाशी येताना ब्रेक गेले. गाडी गवताच्या भाऱ्यांवर आदळली, उडाली, हवेत कोलांट्या खात सुटली. हेरमान बाहेर फेकला गेला आणि डांबरावरून घसरत गेला. त्या क्षणाचा फोटो जगभर छापला गेला : मागे तुकडे उडवत जाणारी गाडी आणि रस्त्यावर माणूस. त्याला खरचटण्यापलीकडे फारसं झालं नाही.

ब्रेक जाणं म्हणजे काय हे मी अनुभवलंय. सह्याद्रीतल्या एका घाटात उतरताना माझ्या गाडीतलं ब्रेक ऑइल उकळलं. पॅडल फळीला टेकलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी आधी मन नाकारतं, पाय पुन्हा पुन्हा दाबत राहतो, आणि त्या दाबण्यात हातातली वेळ निघून जाते. मी दोनदा दाबला, मग गिअर खाली ओढला, हँडब्रेक लावत गाडी डोंगराकडच्या गटारीत घातली. दरी डावीकडे होती. माझा वेग ताशी सत्तर-ऐंशी असेल. हेरमानचा अडीचशेच्या घरातला. तेव्हा पट्टे वापरत नसत. उघड्या गाडीत जळून मरण्यापेक्षा फेकलं जाणं बरं, असा त्या काळच्या चालकांचा हिशेब होता. त्या दिवशी तो हिशेब लागू पडला, एरवी बहुतेक वेळा पडत नसे. आज मी तपासणीला बसतो तेव्हा पट्ट्याचा एक टाका उसवलेला दिसला तरी गाडी परत पाठवतो. आव्हुसचा फोटो दाखवून कुणी म्हणालं की पट्टा नसता तर बरं, तर मी त्याला बेहराचं नाव सांगतो.

अशा प्रसंगांतून त्याला 'हान्स इम ग्ल्यूक' हे नाव चिकटलं. आपण त्याचा अर्थ 'नशीबवान हान्स' असा करतो, पण जर्मन माणसाच्या कानात ते नाव वेगळं वाजतं, कारण ते ग्रिम बंधूंच्या लोककथेतलं आहे. त्या कथेतला हान्स सात वर्षं चाकरी करतो आणि मालक त्याला डोक्याएवढा सोन्याचा गोळा देतो. ओझं नको म्हणून तो सोनं देऊन घोडा घेतो. घोडा पाडतो म्हणून गाय. मग डुक्कर, मग हंस, मग धार लावायचा दगड. शेवटी दगडही विहिरीत पडतो आणि हान्स देवाचे आभार मानत, मोकळा होऊन आईकडे पळत सुटतो. ज्याच्या हातातून सगळं गेलं तो हान्स सुखी! हेरमानच्या शेवटच्या निर्णयाकडे मी नेहमी या कथेच्या अंगानं बघतो. त्यावर येतोच.

१९६० हे त्याचं पुनर्जन्माचं वर्ष. पोर्शेच्या छोट्या गाडीत ऑलिव्हिए जाँदबियँबरोबर सेब्रिंग जिंकली आणि मे महिन्यात यो बोनिएबरोबर टार्गा फ्लोरिओ. सिसिलीचा तो ७२ किलोमीटरचा घाटांचा फेरा, दहा वेळा. पुढच्या वर्षी पोर्शे फॉर्म्युला वनमध्ये उतरली, पण संघाचा कल डॅन गर्नी आणि बोनिएकडे. हेरमानच्या वाट्याला दुय्यम जागा आली. तो रुसून बसला नाही, चक्क सोडून गेला, इटलीत कार्लो अबार्थकडे. अबार्थच्या गाड्या म्हणजे लहान इंजिनं, त्यातून पिळून काढलेली ताकद. चार वर्षं त्यानं तिथे काढली. या वर्षांबद्दल लिहिणारे दोन ओळींत उरकतात. पण एक लिटरच्या इंजिनातून वेग काढायचा तर वळणात वेग गमावून चालत नाही आणि इंजिन ताणूनही चालत नाही. पुढच्या लांब शर्यतींसाठी त्याचा हात इथेच बसला असावा, असं मला वाटतं.

१९६६ मध्ये तो पोर्शेत परतला. हर्बर्ट लिंगे, तोच फाटकाखालचा, त्याच्याबरोबर ल माँला पाचवा आला. १९६८ मध्ये डेटोनाला पोर्शेची पहिली २४ तासांची विजेती गाडी चालवणाऱ्या पाच जणांत तो होता. त्यानंतर यो सिफर्टबरोबर सेब्रिंग.

मग १९६९ चं ल माँ. तुम्ही कार्टिंग करता म्हणालात, तर या शर्यतीचा शेवटचा तास तुम्ही समजून घ्यायलाच हवा. त्या काळी चालक रस्त्यापलीकडून धावत येऊन गाडीत बसायचे आणि घाईत पट्टे न लावताच निघायचे. याचा निषेध म्हणून २४ वर्षांचा जॅकी इक्स चालत आला, शांतपणे पट्टे बांधले आणि सगळ्यांच्या मागून निघाला. पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा खासगी चालक पोर्शेच्या नव्या ९१७ मध्ये ठार झाला, पट्टा न बांधलेला. दुसऱ्या दिवशी आघाडीवरची ९१७ गिअरबॉक्सनं सोडली आणि उरले दोघं : इक्सची फोर्ड जीटी ४० आणि हेरमान व जेरार लारूसची पोर्शे ९०८.

२३ तास झाल्यावर दोन गाड्या एकमेकींना चिकटून. एका फेरीत कधी हा पुढे, कधी तो. हेरमान ४१ वर्षांचा, पोर्शेचे ब्रेक थकलेले. तेव्हा मुल्सानचा सरळ रस्ता सहा किलोमीटरच्या आसपास सलग होता, मधे एकही वळण घातलेलं नव्हतं. तिथे जो मागे असतो त्याला फायदा, कारण पुढची गाडी हवा फाडते आणि मागे पोकळी राहते. इक्सला हे नेमकं कळलं होतं. त्यानं सरळावर मुद्दाम हेरमानला पुढे जाऊ दिलं, मग त्या पोकळीत शिरला आणि टोकाला ब्रेकच्या आधी बाहेर येऊन पुढे निघाला. तिथून पुढे वळणांत थकलेल्या ब्रेकवर हेरमानला जागा मिळेना. २४ तासांनंतर अंतर उरलं साधारण १२० मीटर. दोघांच्या फेऱ्या सारख्या, ३७२.

इथे हेरमाननं चूक केली का, असं मुलं मला विचारतात. मला वाटतं त्यानं इक्सला एकदा तरी तेच औषध द्यायला हवं होतं, सरळावर मागे राहून. पण एक गोष्ट बघा. हरण्याचं दुःख उशाला घेऊनही त्यानं एकदाही इक्सला रस्त्याबाहेर ढकलायचा प्रयत्न केला नाही. शेवटच्या फेरीतसुद्धा दोघांनी एकमेकांना जागा ठेवली. गाड्या एवढ्या वेगात असताना ही सभ्यता सोपी नसते.

सहा-सात आठवड्यांनी न्यूर्बुर्गरिंगला सरावात गेरहार्ड मिटर गेला, पोर्शेतला त्याचा सोबती. हेरमानचं नाव त्या शर्यतीत होतं. त्यानं ते मागे घेतलं. फॉर्म्युला वनच्या यादीत त्याचं नाव पुन्हा आलं नाही.

१९७० ला ल माँला निघताना त्यानं पत्नीला शब्द दिला होता : ही जिंकलो तर थांबतो. वय ४२.

पोर्शेच्या साल्झबर्ग संघाची लाल-पांढरी ९१७, क्रमांक २३. सोबती इंग्लंडचा रिचर्ड ॲटवुड, आणि त्या दिवसांत त्याला गालगुंड झालेले. संघातल्या दुसऱ्या गाडीला ४.९ लिटरचं इंजिन आणि लांब शेपूट, म्हणजे सरळावर वेग मिळावा म्हणून मागे लांबवलेला सांगाडा. व्हिक एलफर्डनं ती सगळ्यांत पुढे उभी केली. यांच्या गाडीला जुनं साडेचार लिटरचं इंजिन, आखूड शेपूट, आणि जागा पंधरावी. पेपरवाल्यांनी लक्ष द्यावं असं काहीच नव्हतं. मला ती निवड फार आवडते. २४ तासांत सरळ रस्त्यावरचे दहा-वीस किलोमीटर कमी असले तरी भागतं. इंजिन सकाळी आठला चालू असावं लागतं.

पाऊस आला आणि रात्रभर येत-जात राहिला. संध्याकाळीच फेरारीच्या अनेक गाड्या एका अपघातात एकदम बाद झाल्या. माईक हेलवुडची पोर्शे कोरड्या टायरवर पावसात गेली. रात्री आघाडीवर असलेल्या सिफर्टचा पिटसमोरून जाताना एक गिअर चुकला आणि इंजिन फुटलं. सिफर्ट हेरमानपेक्षा वेगवान होता, यात शंका नाही. पण त्या एका चुकलेल्या गिअरमध्येच दोघांतला फरक आहे. २३ क्रमांकाची गाडी मध्यरात्रीनंतर पुढे आली आणि शेवटपर्यंत पुढेच राहिली. ५१ गाड्या निघाल्या होत्या, क्रमवारीत धरल्या गेल्या फक्त ७. ३४३ फेऱ्या, ४,६०७ किलोमीटर, दुसऱ्यापेक्षा पाच फेऱ्या पुढे. दुसऱ्या जागेवर लारूस होता, आदल्या वर्षीचा सोबती. पोर्शेचा ल माँमधला हा पहिला एकंदर विजय, आणि तो त्या कंपनीच्या गावात जन्मलेल्या माणसानं मिळवला. त्याच रात्री एक ९०८ कॅमेरे बसवून चित्रपटासाठी शर्यतीत फिरत होती. तिच्या दोन चालकांपैकी एक हर्बर्ट लिंगे. दोन वर्षांनी याच लिंगेनं जर्मनीतल्या शर्यतींसाठी वेगवान गाड्यांतून डॉक्टर आणि आग विझवणारे पोचवणारं बचाव पथक उभारलं.

हेरमान घरी गेला आणि थांबला. संघाशी करार बाकी होता, तो सोडवून घेतला. हातात जगातली सर्वांत वेगवान गाडी, डोक्यावर सर्वांत मोठ्या शर्यतीचा मान, आणि त्यानं ते खाली ठेवलं. गाड्यांच्या साहित्याचा व्यवसाय काढला.

आता त्याच्याबरोबर जिंकलेल्यांकडे बघा. सिफर्ट ऑक्टोबर १९७१ मध्ये ब्रँड्स हॅचला गेला. बोनिए १९७२ मध्ये ल माँला. डेटोनाचा रोल्फ श्टोमेलेन १९८३ मध्ये रिव्हरसाइडला. त्याच्याच वर्षी, १९२८ ला जन्मलेला वोल्फगांग फोन ट्रिप्स तर १९६१ मध्येच मोंझाला गेला, विश्वविजेतेपदाच्या यादीत पहिला असताना. ही माणसं हेरमानपेक्षा निष्काळजी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. त्या काळी गाड्या कागदासारख्या होत्या आणि कडेला झाडं आणि खांब. आव्हुस त्याच्याही हातात नव्हतं. पण थांबायचं केव्हा हे हातात होतं, आणि ते त्यानं जिंकलेल्या दिवशी ठरवलं. हरल्यावर थांबणारे पुष्कळ असतात.

तुमच्या कार्टिंगबद्दल : पुढच्या सरावाला एक करून बघा. दहा फेऱ्या तुमच्या पूर्ण वेगानं मारा, वेळ लिहून ठेवा, टायर आणि ब्रेक हातानं तपासा. मग दहा फेऱ्या अशा मारा की ब्रेक थोडा आधी आणि हलका, स्टिअरिंग एकदाच वळवायचं, मधे दुरुस्ती नाही. पुन्हा वेळ, पुन्हा टायर. बहुतेक मुलांचा वेळ दोन-तीन दशांश सेकंदांनीच वाढतो, आणि टायर निम्मेच झिजलेले असतात. त्यानंतर १९६९ च्या शेवटच्या तासाचं चित्रीकरण मिळालं तर बघा, आणि पोर्शेच्या मागचे ब्रेकचे दिवे कुठे लागतात तेवढंच बघत राहा.